निकाल सांगायचा नाही

सागरतारा सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून आमचं कपाट उतरेपर्यंत मी नोटीस बोर्ड वाचत उभी होते. नव्या जागेतली माणसं कशी आहेत हे कळायला नोटीस बोर्डासारखी दुसरी सोय नाही. 'पाणी जपून वापरा' होतं, 'जिन्यात पान खाऊन थुंकणाऱ्याचा शोध चालू आहे' होतं आणि त्या दोन कागदांच्या मधोमध लाल शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'येत्या रविवारपासून ऑस्ट्रेलियातील मोटार शर्यतींचा नवा सीझन सुरू होत आहे. ज्यांना निकाल माहीत असतील त्यांनी कृपया तोंड बंद ठेवावे. बा. वि. परब, तळमजला.'

सागरतारा मुलुंड पूर्वेला होती. नावातला सागर म्हणजे पलीकडची मिठागरं, आणि तारा म्हणजे बहुतेक बिल्डरची बायको. एवढ्या मोठ्या सोसायटीत मोटार एकाकडेही नव्हती. चेअरमन गोगट्यांकडे स्कूटर होती आणि ती चालू व्हायच्या आधी गोगटे स्वतः घामाघूम व्हायचे. ऑस्ट्रेलियाबद्दल लोकांना एवढंच ठाऊक होतं की तिथे कांगारू असतात आणि तिथली क्रिकेटची टीम आपल्याला हरवते. अशा ठिकाणी मोटार शर्यतीचा निकाल कुणाला माहीत असणार, आणि असलाच तर तो सांगायची घाई कुणाला असणार, हे मला कळेना.

मी नवऱ्याला, अविनाशला, ती नोटीस दाखवली. तो म्हणाला, "वेडा दिसतोय कुणीतरी. दार लावून घेत जा."

दार लावून उपयोग झाला नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. बुटके, रुंद खांद्याचे, डोक्याला चपचपीत तेल, अंगात इस्त्रीचा हाफ शर्ट आणि खाली लेंगा. छातीशी एक घडी घातलेलं वर्तमानपत्र धरलेलं.

"मास्तरीणबाई तुम्हीच ना? शाळेत इंग्रजी शिकवता म्हणे."

मी हो म्हटलं.

"मग जरा खाली येऊन एवढं वाचून दाखवाल? माझं इंग्रजी गिरणीतल्या मशीनवर लिहिलेलं असायचं तेवढंच. पण एक अट आहे. खालची ओळ बघायची नाही."

अशा रीतीने मी परबकाकांच्या घरी पहिल्यांदा गेले, आणि मग पाच वर्षं जात राहिले.

परबकाका कापडगिरणीत जॉबर, खात्यातल्या कामगारांचे मुकादम. म्हणजे होते, असं म्हणायला पाहिजे. मी सोसायटीत आले तेव्हा संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती. लालबागची खोली विकून ते आणि सुलभाकाकू मुलुंडला आले होते, आणि काका साकीनाक्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात खोक्यांवर चिकटपट्टी लावायचं काम करत होते. मूलबाळ नव्हतं. काकूंचा भाऊ दत्ताराम मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि त्याची बोट वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियाची बंदरं करून यायची. एकदा त्याने काकांसाठी ट्रान्झिस्टर आणला, तो तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळून. ट्रान्झिस्टर आठवड्याभरात बंद पडला. वर्तमानपत्र मात्र काका बघत बसले. त्यावर शर्यतीचा फोटो होता.

"शर्यतीच्या गाड्या म्हणजे कशा असतात? चार चाकांवर आडवी ठेवलेली कुपी. आत एकच माणूस, तोही झोपलेला," काका मला समजावून सांगत होते. "ह्या तशा नव्हेत. ह्या टूरिंग कार. घरगुती गाड्या. तिकडे दुकानात मिळते तीच गाडी, चार दरवाजेवाली. शर्यत जिंकली की माणूस तसल्याच गाडीतून बायकोला माहेरी सोडू शकतो."

"मला कधी रिक्षाने तरी सोडलंत?" आतून काकू म्हणाल्या.

त्यानंतर काकांनी मेव्हण्याला कामाला लावलं. दत्तारामने तिकडच्या बंदरातल्या एका कँटीनवाल्या बाईशी संधान बांधलं. ती प्रत्येक शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर बाजूला काढून ठेवायची. बोट लागली की दत्ताराम तो गठ्ठा उचलायचा आणि मुंबईला येऊन काकांच्या हवाली करायचा. तोवर तिकडे सगळा सीझन आटोपलेला असायचा. चॅम्पियन फोटो काढून, हार घालून घरी गेलेला असायचा, त्याची गाडीसुद्धा कदाचित विकलेली असायची. आणि मुलुंड पूर्वेला नवा सीझन सुरू व्हायचा.

दुसरा कुणी असता तर त्याने गठ्ठा सोडून शेवटचा पेपर आधी वाचला असता. मी तरी तेच केलं असतं. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यातली. काकांचं तसं नव्हतं. ते दाराकडे पाठ करून, बातमी हाताने झाकत, नुसत्या तारखा बघून पेपर क्रमाने लावायचे: पहिली शर्यत सर्वांत वर, शेवटची सर्वांत खाली. मग गठ्ठ्याला सुतळी बांधून कपाटात ठेवायचे, आणि एक रविवार सोडून एक रविवार, वरचा एकच पेपर काढायचे. तिकडे शर्यती जेवढ्या अंतराने झाल्या असतील तेवढ्याच अंतराने इकडे व्हायला हव्यात, हा त्यांचा नियम. सगळा निकाल घरातल्या कपाटात, काकूंच्या लुगड्यांखाली, महिनोन् महिने पडून असायचा आणि हा माणूस शेजारी चटई टाकून झोपायचा.

वाचनाचा विधी ठरलेला होता. मथळ्यातच निकाल असतो, म्हणून मथळा काकू डोळे मिटून मागे दुमडायच्या. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी डोळे मिटायच्या. चित्रावरूनही कळतं, असं काकांचं म्हणणं. मग पेपर माझ्यासमोर यायचा आणि काका त्यावर एक कोरं पोस्टकार्ड आडवं धरायचे. मी एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, काका पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवायचे. कधी मधेच थांबवून म्हणायचे, "थांबा. चहा पिऊ. आता वळण येतंय." पुढच्या काही वर्षांत रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका सुरू झाली, अख्खी सोसायटी हात जोडून टीव्हीसमोर बसू लागली, तेव्हा काकांनी शर्यतीची वेळ पुढे ढकलली. "आधी देव, मग गाड्या," म्हणाले. ऑस्ट्रेलियाची त्यावर हरकत नव्हती.

काकांना स्वतःला सायकलही येत नव्हती. पण रिक्षात बसले की ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढे वाकून सांगायचे, "वळण आतून घे रे, आतून!" एकदा स्टेशन रोडवर ड्रायव्हरने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, अंदर गटर है." काका मागे टेकून बसले. उतरल्यावर मला म्हणाले, "ट्रॅकच खराब आहे. त्याची चूक नाही."

त्यांचं एक वाक्य सोसायटीत म्हणीसारखं चालायचं: पहिल्या वळणावर कुणी जिंकत नाही, हरतात मात्र तिथेच. हे ते नव्या नवऱ्याला सांगायचे, दहावीच्या मुलांना सांगायचे, आणि मी त्यांच्याकडे पहिल्यांदा भाकरी थापायला बसले तेव्हा मलाही सांगितलं.

आता हा सगळा नाद त्यांनी स्वतःच्या घरात ठेवला असता तर ठीक होतं. पण आपल्या लोकांना भांडायला कारण लागतं, आणि ते जितकं लांबचं तितकं बरं. दोन मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये तिकडे पिढ्यान् पिढ्यांची चुरस होती. एकीच्या गाड्या लाल, दुसरीच्या निळ्या. कशी कोण जाणे, ए विंग लाल झाली आणि बी विंग निळी. ए विंगचे पुढारी चेअरमन गोगटे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. बी विंगचे पुढारी सेक्रेटरी म्हात्रे, मूळचे इथलेच, आवाज असा की बोलले तरी भांडल्यासारखं वाटावं. दोघांनीही ती गाडी कधी पाहिली नव्हती. पण लाल गाडी हरली की ए विंगमध्ये दुपारी कुणी रेडिओ लावायचं नाही, आणि निळी हरली की म्हात्रे पाण्याचा पंप उशिरा सोडायचे. काकांची खोली दोन्ही विंगांच्या मधल्या जोडावर होती. तुम्ही कुणाच्या बाजूचे, असं विचारलं की ते म्हणायचे, "मी झेंडेवाला. झेंडेवाल्याला बाजू नसते."

आणि त्यांच्याकडे झेंडे खरोखरच होते. पिवळा रुमाल कायम लेंग्याच्या खिशात. धोका आहे, कुणी कुणाला ओलांडायचं नाही, आहे त्या जागी हळू चालायचं, असा त्याचा अर्थ. सोसायटीच्या जनरल मीटिंगमध्ये त्याचा फार उपयोग व्हायचा. एकदा गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवरून गोगटे म्हात्र्यांना म्हणाले, "तुमच्या विंगचे लोक अडाणी आहेत." म्हात्रे उठले, बाह्या सरसावल्या, "काय बोल्लास? परत बोल!" आणि मागच्या रांगेतून परबकाका पिवळा रुमाल उंच धरून उभे राहिले.  दोन्ही पुढारी होते तिथे थांबले, बसले आणि त्यानंतर दोघेही हळू आवाजात बोलू लागले. टाकीची गळती थांबली नाही ती नाहीच, पण मारामारी टळली.

दुसरा झेंडा मात्र खिळ्याला टांगलेला असायचा. काळ्या-पांढऱ्या चौकटीचं हातभर कापड, शर्यत संपल्याची खूण. काकांच्याच गिरणीत, त्यांच्याच खात्यात विणलेलं. त्याला हात लावायची काकूंनाही परवानगी नव्हती. वर्षातून एकदा, शेवटच्या शर्यतीचा शेवटचा शब्द वाचून झाला की काका ते कापड घेऊन कंपाउंडमध्ये जायचे, दोन्ही विंगांकडे बघून ते तीनदा हलवायचे आणि चॅम्पियन कोण ते जाहीर करायचे. मग काकू दोन्ही विंगांना शिरा वाटायच्या. हरलेली विंगसुद्धा शिरा घ्यायची, पण साखर कमी आहे म्हणायची.

एका वर्षी फारच मोठं संकट आलं. गोगट्यांचा पुतण्या सिडनीहून सुट्टीला येणार होता. सिडनीहून! म्हणजे निकाल चालत सोसायटीत येणार. सीझन ऐन रंगात होता, लाल गाडी पुढे होती. गोगट्यांना एकीकडे निकाल ऐकायची खुमखुमी, दुसरीकडे लाल हरली असली तर ते घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायची भीती. परबकाकांनी नोटीस लावली: 'पाहुण्यांनी हवामान, तब्येत व तांदळाचे भाव याखेरीज काहीही बोलू नये.' पुतण्या टॅक्सीतून उतरला त्या दिवशी काका कानात कापसाचे बोळे घालून मोरीत जाऊन बसले. बाहेर सगळी सोसायटी जमलेली. गोगट्यांनी पुतण्याला मिठी मारली आणि त्याच्या कानात पुटपुटले, "एक अक्षर बोलू नकोस."

"कशाबद्दल?" तो बिचारा म्हणाला.

"शर्यतीबद्दल!"

"कसली शर्यत?"

त्याने असल्या शर्यतीचं नावही ऐकलं नव्हतं. तिकडे तो बँकेत होता आणि रविवारी देवळाच्या कमिटीवर पोळ्या लाटायचा. सगळी सोसायटी त्याच्याकडे अशी बघायला लागली की तो गेल्यावर म्हात्रे म्हणाले, "हा सिडनीला राहतोच कशावरून?" काकांना मोरीतून बाहेर काढायला मीच गेले. त्यांनी कापूस काढला, सगळं ऐकलं, आणि त्यांना हसू यायच्या ऐवजी वाईट वाटलं. "असं कसं? ह्याच्या दारात शर्यत चालू आहे आणि ह्याला पत्ताच नाही?"

असल्या माणसाची थट्टा करणं सोपं होतं, आणि आम्ही ती पुष्कळ केली. एका रविवारी मात्र माझी थट्टा घशातच राहिली. वाचून झालं होतं, निळी गाडी जिंकली होती. मी म्हटलं, "काका, तुम्हाला हे इतकं का हो आवडतं? तिकडे कोण जिंकलं, कोण हरलं, आपलं काय जातं?"

काका पोस्टकार्ड पुसत होते. म्हणाले, "मास्तरीणबाई, आमच्या संपाचं काय झालं?"

मी पेपरची घडी घालत राहिले.

"सांगा ना. तुम्ही शिकलेल्या आहात. जिंकलो की हरलो? कुणी येऊन सांगितलं नाही. संप मागे घेतला असंही कुणी म्हणालं नाही. गेटवर जात होतो, मग एक दिवस आड जात होतो, मग जायचं सुटलं. अजून कुणी विचारलं तर काय सांगू? चालू आहे?" ते खिळ्यावरच्या कापडाकडे बघत होते. "तिकडे कसं, हरलेल्यालासुद्धा झेंडा दाखवतात. संपलं, आता घरी जा, म्हणून. आम्हाला कुणी झेंडाच दाखवला नाही."

काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. शेवटी काकाच म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

त्यानंतर मी शेवटचं पान आधी वाचायचं सोडलं नाही, पण काकांच्या पेपरची खालची ओळ मात्र चुकूनही बघितली नाही.

पुढच्या वर्षी दत्ताराम बोटीवरून कायमचा उतरला. त्याने आणलेला गठ्ठा शेवटचाच होता, हे काकांनाही माहीत होतं. हा सीझन सावकाश खायचा, असं त्यांनी ठरवलं. सीझनही तसाच निघाला. एकदा लाल, एकदा निळी, पुन्हा लाल. आणि शेवटाकडे चार-पाच शर्यती उरल्या असताना काका साकीनाक्याला खोकी उचलताना छातीला हात लावून खाली बसले.

ऑपरेशन करावं लागणार, असं डॉक्टर म्हणाले. मोठं ऑपरेशन, छाती उघडायची. काका हॉस्पिटलमध्ये, आणि इकडे सोसायटीच्या कमिटीने तातडीची सभा बोलावली. विषय एकच: माणूस टेबलावर जाण्याआधी त्याला निकाल कळला पाहिजे. न जाणो. ठराव गोगट्यांनी मांडला, म्हात्र्यांनी अनुमोदन दिलं. त्यांचं एकमत झाल्याची ती पहिली वेळ. सगळे काकूंकडे गेले. काकूंनी कपाटातून गठ्ठा काढून दिला. म्हात्र्यांनी सर्वांत खालचा पेपर ओढला आणि माझ्या हातात दिला.

मी वाचलं. मग काकांनी पहिल्या पेपरातून कापून दारावर चिकटवलेल्या सीझनच्या वेळापत्रकाकडे बघितलं. पुन्हा पेपर बघितला.

"ही शेवटची शर्यत नाही," मी म्हटलं. "ही शेवटून दुसरी. ह्यात दोघांचे गुण सारखे झालेत. शेवटचा पेपर कुठाय?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. गणपतीत गावी, थोरल्या जाऊबाईंना, काचेचे पेले पाठवायचे होते. गुंडाळायला जाड कागद हवा होता. काकूंनी गठ्ठ्यातला सर्वांत खालचा पेपर काढला. रद्दीच्या ढिगात सर्वांत खालचा तो सर्वांत जुना, वाचून झालेला, हे कुठल्याही घरातल्या बाईला माहीत असतं. वरचा काढला असता तर ह्यांना राग आला असता. म्हणून मुद्दाम, नवऱ्याचं मन सांभाळून, खालचा काढला.

म्हात्र्यांनी गठ्ठा उलटापालटा करून बघितला. मग गोगटे खाकरले. "असं करू. लाल जिंकली म्हणून सांगू. आनंदाची बातमी हृदयाला चांगली."

"कुणाच्या हृदयाला? तुझ्या?" म्हात्रे उसळले. "निळी सांग! मरणाच्या दारात माणूस हाय नि तू त्याला थापा मारतस?"

"निळी म्हणजे थाप नाही का?"

दोघं माझ्यासमोर, आजारी माणसाच्या घरात, कुठलं खोटं बोलायचं यावरून हमरीतुमरीवर आले. शेवटी काकूंनी पदर खोचला. इतकी वर्षं त्यांचा आवाज मी आतून आलेलाच ऐकला होता. "भायर व्हा दोघंव! माझ्या घोवाक खोटा सांगून कोण टेबलार पाठवीत, तर बघून घेतंय मी!"

तरी गोगटे संध्याकाळी हॉस्पिटलात गेलेच. मी तिथेच होते. ते कॉटजवळ स्टूल ओढून, चेहरा गंभीर करून म्हणाले, "परब, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे." काकांनी उशीखाली हात घातला आणि पिवळा रुमाल वर धरला. हाताला नळ्या लावलेल्या होत्या, पण रुमाल खाली आला नाही. गोगटे उठून मोसंबी ठेवून निघून गेले.

"अजून शर्यती बाकी आहेत," काका मला म्हणाले. "मथळा दुमडून ठेवा म्हणावं."

ऑपरेशन झालं. काका घरी आले, निम्मे झालेले, चपचपीत तेल तेवढं तसंच. पुन्हा एक रविवार सोडून एक रविवार वाचन सुरू झालं, आणि ते रविवार माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट रविवार होते. पूर्वी सगळ्या सोसायटीला काही माहीत नव्हतं आणि काकांना भीती होती. आता सगळ्या सोसायटीला माहीत होतं की शेवट नाही, आणि एकट्या काकांना नव्हतं. प्रत्येक वेळी ते पोस्टकार्ड सरकवायचे आणि मला वाटायचं, आता मीच ओरडून सांगेन. आता कपाटातून पेपरही काकूच काढून आणायच्या, आणि डोळे मिटून मथळा दुमडायच्या तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी यायचं. काकांना वाटायचं, आजारपणाने हळवी झालीय. गोगट्यांनी सिडनीच्या पुतण्याला तातडीने पत्र टाकलं होतं. त्याने उत्तरात क्रिकेटचा स्कोअर पाठवला.

शेवटचा रविवार आला. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. चौकटीचं कापड खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलेलं. आत शिऱ्यासाठी रवा भाजल्याचा वास नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बाहेर कंपाउंडमध्ये दोन्ही विंगा जमलेल्या, आणि कुणीच कुणाशी भांडत नव्हतं.

काकू त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पेले, जाऊबाई, खालचा पेपर.

काका बराच वेळ कपाटाकडे बघत बसले. मला वाटलं, आता ह्यांचं काहीतरी होणार. मी पाण्याचा पेला हातात घेऊन ठेवला. मग ते म्हणाले, "पेलो एकव फुटाक नाय मां?"

"नाय," काकू म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

"मगे रडतंस कित्याक? कागद चांगलो होतो." त्यांनी कापडाची नीट घडी घातली. "चल. गावाक जाऊया."

डॉक्टर नको म्हणत होते, आम्ही सगळे नको म्हणत होतो. काका ऐकायला तयार नव्हते. चार दिवसांनी दोघं एसटीने मालवणकडे गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली ती तिकडेच राहिली. तिकडची हवा मानवली, एवढंच पत्रात आलं. निकालाबद्दल एक अक्षर नाही. सोसायटीचा जीव टांगणीला. ते वर्षभर लाल आणि निळे दोघेही आपणच जिंकलो असं सांगत राहिले, आणि खोटं ठरवायला कुणी नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात मी आणि अविनाश कोकणात जायला निघालो, तेव्हा गोगटे आणि म्हात्रे दोघेही आम्हाला एसटी स्टँडवर पोचवायला आले. एकाने माझी बॅग धरली, दुसऱ्याने लाडवांचा डबा. "फक्त रंग विचारा," गोगटे म्हणाले. "एक शब्द."

काकांचं घर रस्त्याला लागूनच होतं. मातीच्या भिंती, पुढे पडवी, पडवीच्या एका बाजूला फळ्यांची भिंत. त्या भिंतीला टेकून काका बसले होते, उघडेबंब, छातीवर उभा व्रण, अंगाने पुन्हा भरलेले. मला बघून उठायला लागले, मी उठू दिलं नाही. काकूंनी सोलकढी आणली, त्याच काचेच्या पेल्यांतून.

मी थोडा वेळ हवामान, तब्येत आणि तांदळाचे भाव यांवर बोलले. मग राहवलं नाही. "काका, तो पेपर मिळाला का?"

"मिळाला की." काकांनी अंगठ्याने पाठीमागे दाखवलं.

फळ्यांच्या फटींतून वारा येतो म्हणून थोरल्या जाऊबाईंनी तो जाड फॉरेनचा कागद खळ लावून भिंतीला चिकटवला होता. मी जवळ जाऊन बघितलं. समोर गवत कापायच्या यंत्राची पानभर जाहिरात होती. शर्यतीची बाजू आत, फळीकडे.

"अरे देवा! मग काढून बघितलं नाही?"

"वहिनीच्या हातची खळ. ओढलं तर फाटेल."

"भिजवून निघेल की! मी काढून देते, सावकाश, अर्ध्या तासाचं काम आहे." मी खरंच पदर खोचला होता.

काकांनी लेंग्याच्या खिशातून पिवळा रुमाल काढून मला दाखवला. मी होते तिथे थांबले.

"बसा, मास्तरीणबाई." मग ते हळूच, स्वतःशी बोलल्यासारखे, गावाकडच्या बोलीत गेले. "ह्याचो निकाल लागलेलो आसा. मी वाचूक नाय, इतक्याच. तो खंय जाता? हंयच आसा, माझ्या पाठीमागे." मग म्हणाले, "आमच्या संपाचो खंयच्या भिंतीत आसा, सांगा बघू?"

मी सोलकढीचा पेला खाली ठेवला. मुलुंडला मी काय सांगू, एवढं विचारलं.

"सांगा, निकाल लागला म्हणून."

"आणि कोण जिंकलं?"

काका हसले. "ते सांगायचं नाही."

परतीची एसटी त्यांच्या दारावरूनच गेली. मी खिडकीशी बसले होते. काका पडवीत तसेच भिंतीला टेकून बसले होते, आणि ज्याला काकूंनाही कधी हात लावू दिला नव्हता ते चौकटीचं कापड त्यांच्या खांद्यावर होतं. ऊन फार होतं. बस वळणावर हळू झाली तेव्हा ते त्या कापडाने मान पुसत होते.